बोट पाण्यात, तरी मोटर तापलेली!

मे महिन्यातली संध्याकाळ होती. कोलकात्याच्या दक्षिणेकडचा आमचा पाडा, म्हणजे आपल्याकडची आळी. पाड्याच्या मधोमध एक पुकुर आहे. पुकुर म्हणजे तळं. काठावर चहाची टपरी, दोन-तीन गळ टाकून बसलेले आजोबा आणि हातात रिमोट घेतलेला माझा नववीतला मामेभाऊ. त्याची पाऊण मीटर लांबीची लाल बोट पाणी कापत सुसाट निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या मिनिटाला ती तळ्याच्या बरोबर मध्यावर जाऊन गप्प उभी राहिली.

रिमोट हलवला, बोट हलेना. थोडा जळका वास आल्यासारखा वाटला. आम्ही सगळे बोटीकडे बघत होतो, त्यामुळे पठ्ठ्याने चपला कधी काढल्या ते कुणाला कळलंच नाही. तो गुडघाभर पाण्यात उतरला होता. टपरीवाल्या दादांनी धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि बाहेर ओढला. "ओखाने गोभीर!" म्हणजे तिथे खोल आहे, एवढंच ते म्हणाले. माझ्या मामेभावाला पोहता येत नाही.

तासाभराने वाऱ्याने बोट आपोआप काठाला आली. उघडून पाहिलं तर मोटरला बोट लावता येत नव्हतं आणि स्पीड कंट्रोलरचं वरचं प्लास्टिक वितळून वाकडं झालं होतं. त्या रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "ताई, बोट तर पाण्यातच होती ना? मग एवढी तापली कशी?"

वाचकहो, आजच्या सदरात याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या घरी रिमोटची बोट असेल किंवा सुट्टीत बनवायचा बेत असेल, तर तिला पाण्याने थंड ठेवायची सोय कशी करायची ते आम्ही चुका करत शिकलो. मी इंग्रजी साहित्यात बी.ए. केलेली मुलगी आहे, इंजिनियर नाही. त्यामुळे जे मला समजलं ते तुम्हालाही नक्की समजेल.

पाण्यात असूनही का तापते?

जत्रेत मिळणारी पत्र्याची बोट आठवते? पोटात मेणबत्ती किंवा तेलाची वात ठेवली की टुकटुक करत परातीत गोल फिरायची. त्या बोटीला पोटात आग हवीच असते, कारण ती वाफेवर चालते. बॅटरीवरच्या बोटीला ती आग नको असते, पण थोडी लागतेच.

मोटरला दिलेल्या सगळ्या विजेचं फिरण्यात रूपांतर होत नाही. चांगल्या मोटरमध्येसुद्धा साधारण पाचवा भाग उष्णता होऊन वाया जातो. मोटरवर ताण आला की हा भाग आणखी वाढतो. आमच्या बोटीत ७.४ व्होल्टची बॅटरी होती आणि मोटर ३८ अँपिअर करंट खेचत होती. गुणाकार केला तर सुमारे २८० वॅट झाले. त्यातला चौथा भाग जरी वाया गेला, तरी ७० वॅटची उष्णता झाली. सोल्डरिंग करायचं साधं यंत्र २५ ते ६० वॅटचं असतं. म्हणजे आम्ही बोटीच्या पोटात एक तापलेलं सोल्डरिंग यंत्र ठेवून वरून झाकण चिकटपट्टीने बंद केलं होतं!

झाकण बंद ठेवावंच लागतं, नाहीतर पाणी आत येतं. आणि झाकण बंद म्हणजे आतली हवा कोंडलेली. त्यात आमचा स्पीड कंट्रोलर होता रिमोटच्या मोटारगाडीचा. त्याच्या डोक्यावर छोटा पंखा असतो. गाडीत तो बाहेरची ताजी हवा घेतो, बोटीत मात्र तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसला.

मग पाणीच का? कारण पाण्याची उष्णता सामावून घेण्याची ताकद जबरदस्त आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. कोलकात्यात मे महिन्यात तळ्याचं पाणी काही गार नसतं, हाताला कोमटच लागतं. इथला उन्हाळा कसा असतो? २०२४ सालच्या ३० एप्रिलला अलिपूरला पारा ४३ अंशांवर गेला होता. पण तळ्याचं पाणी अगदी ३२ अंशांचं असलं, तरी ८० अंशांवर पोचलेल्या मोटरपुढे ते थंडच म्हणायचं.

औषधाआधी निदान

दुसऱ्या दिवशीच मामेभावाने जाहीर केलं, "वॉटर कूलिंग बसवू, की झालं काम!" मलाही तसंच वाटलं. पण मामा म्हणाले, "आरं, ताप आला म्हणून नुस्त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसतो का कुणी? ताप कशानं आला ते बघ आधी."

मामांचं म्हणणं खरं निघालं. बोट जास्त तापण्याची नेहमीची कारणं ही असतात, तुम्हीही एकेक तपासा:

१. प्रोपेलर फार मोठा आहे का? हे सगळ्यात मोठं कारण. प्रोपेलरचा व्यास थोडासा वाढला तरी मोटरवरचा भार भयंकर वाढतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, तर तितक्याच फेऱ्यांसाठी लागणारी ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते.

२. शाफ्ट सरळ आहे का? मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर घर्षण होतं. बॅटरी काढून शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर तिथेच दोष आहे.

३. ग्रीस आहे का? शाफ्ट ज्या नळीतून जातो ती कोरडी असेल तर आतच घासाघीस चालते. दोन-चार फेऱ्यांनंतर पुन्हा ग्रीस भरायला हवं.

४. शेवाळ किंवा दोरा अडकला आहे का? आमच्या तळ्यात जलपर्णीची मुळं असतात. केसांसारखी बारीक मुळं प्रोपेलरभोवती गुंडाळली जातात आणि वरून दिसतही नाहीत.

५. बॅटरीचे सेल जास्त आहेत का? मोटरवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त व्होल्ट देऊन वेग वाढतो, पण तिचं आयुष्य घटतं.

तपासायला आम्ही चांदनी चौक मार्केटमधून एक छोटा वॅटमीटर आणला. कोलकात्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी सगळे तिथेच जातात. बॅटरी आणि स्पीड कंट्रोलरच्या मध्ये तो जोडायचा. घरमालकीण काकिमांच्या अंगणात पाणी साठवायचा सिमेंटचा हौद आहे. त्यात बोट दोरीने बांधून पाच सेकंद मोटर पूर्ण चालवली, तेव्हा ३८ अँपिअरचा आकडा आम्हाला पहिल्यांदा दिसला. मग ४२ मिलिमीटरचा प्रोपेलर काढून ३८ मिलिमीटरचा लावला, शाफ्टला ग्रीस भरलं. आकडा २५ वर आला! एकूण ताकद १८५ वॅट आणि वाया जाणारी उष्णता अंदाजे ३७ वॅट. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न वापरता उष्णता जवळजवळ निम्मी झाली होती. बोटीचा वेग किंचित कमी झाला. मामेभावाचं तोंड थोडं पडलं, पण कंट्रोलर वितळण्यापेक्षा ते बरं.

तुमची मोटर कोणत्या जातीची?

आता कूलिंगकडे येऊ. आधी मोटर ओळखा, कारण प्रत्येक मोटरला पाणी सारखंच मानवत नाही.

जुन्या किंवा स्वस्त बोटीत दोन तारांची ब्रशवाली मोटर असते. तिच्यात तारांची वेटोळी मधल्या फिरणाऱ्या भागावर असतात. उष्णता तिथे तयार होते आणि हवेची फट ओलांडून बाहेरच्या डब्यापर्यंत यावी लागते. म्हणून बाहेरून गार केलं तरी फायदा बेताचाच होतो.

तीन तारांची ब्रशलेस मोटर दोन प्रकारची असते. एकीत बाहेरचा डबा स्थिर असतो आणि आतलं चुंबक फिरतं. हिला इनरनर म्हणतात. हिची वेटोळी डब्याला आतून चिकटलेली असतात, त्यामुळे डबा गार केला की वेटोळी थेट गार होतात. पाण्याचं कूलिंग हिच्यासाठी सगळ्यात उत्तम. दुसरीत बाहेरचा डबाच फिरतो, ती आउटरनर. फिरत्या डब्याला नळी गुंडाळता येत नाही, हे उघड आहे. तिथे मोटर ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेली असते ती पट्टी गार करतात.

आमची मोटर ३६ मिलिमीटर व्यासाची इनरनर होती. तिच्यासाठी बाजारात ॲल्युमिनियमचं तयार जॅकेट मिळतं. एक रुंद कडं, दोन्ही टोकांना रबरी रिंगा, पाणी आत-बाहेर जायला दोन तोंडं. मोटरवर सरकवलं की झालं. डबा बाहेरून गुळगुळीत असेल तरच ते बसतं, खाचा असतील तर पाणी गळतं. हे जॅकेट आमच्या हातात पडायला दोन आठवडे लागणार होते. मामांना तेवढा धीर कुठला!

मामांची भट्टी कामाला आली

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून गलाई कारागीर देशभर गेले. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, भट्टीपाशी एखादा विट्याकडचा माणूस भेटतोच. मामाही असेच तरुणपणी इकडे आले. बहूबाजारच्या एका गल्लीत त्यांची दहा फुटांची खोली आहे. मूस, चिमटा, टाकणखार आणि भट्टी, एवढाच संसार.

मामांनी मोटर हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "हिला तांब्याची नळी गुंडाळू. तांब्याएवढी चटकन उष्णता नेणारी दुसरी चांदीच. अन् चांदी काय तुमच्या बोटीला घालायची न्हाई!"

फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून आम्ही तांब्याची बारीक नळी आणली. जाडी पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, लांबी अर्धा मीटर. मोटरभोवती तीन वेढे आणि दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटर मोकळी टोकं, इतकं त्यात नीट बसतं.

नळी तशीच वाकवली तर मधेच चपटी होते. म्हणून मामांनी ती भट्टीवर फिकट लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली. मी म्हटलं, "मामा, अशानं तर ती कडक होईल ना?" ते हसले. "ते पोलादाचं. तांबं तापवून गार केलं की मऊ पडतं." मग थंड झालेल्या नळीत अगदी कोरडं, बारीक मीठ ठासून भरलं आणि टोकं चिकटपट्टीने बंद केली. मीठ आत असल्यामुळे वाकवताना नळी चपटी होत नाही. नंतर पाण्याने धुतलं की मीठ निघून जातं.

आता ती गुंडाळायची कशावर? वेढे सुटल्यावर थोडे उघडतात, म्हणून मोटरपेक्षा दोनेक मिलिमीटर बारीक गोल वस्तू हवी. घरभर शोधाशोध झाली आणि शेवटी मामींचं लाटणं बरोबर ३४ मिलिमीटरचं निघालं! पोळ्या लाटायचं लाटणं बोटीच्या कामी आलं, यावरून घरात जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही. तुम्ही परवानगी घेऊन मगच वापरा.

एक गोष्ट विसरू नका. गोल नळी मोटरला फक्त एका रेघेत टेकते. बाकी जागेत हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. म्हणून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट नळी आणि मोटरच्या मधल्या फटीत पातळशी भरा. नळी मोटरच्या तारांना किंवा त्यांच्या जोडांना कुठेही टेकता कामा नये.

लहान मुलांनो, भट्टीचं काम मोठ्यांचंच. घरी गॅसवर नळी तापवायचा खटाटोप करू नका. तयार जॅकेट मागवा आणि वाट बघा.

पाणी कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं?

बोट पुढे जाते तेव्हा समोरचं पाणी तिच्यावर दाब टाकतं. बोटीच्या तळाला पुढे तोंड करून एक नळी बसवली, तर याच दाबाने पाणी आत चढतं. वेगळा पंप लागत नाही. पण हा दाब वेगावर अवलंबून असतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाने बोट चालली तर पाणी जेमतेम ५ सेंटिमीटर चढेल. दोन मीटरला २० सेंटिमीटर. पाच मीटरला मात्र सव्वा मीटरच्या वर! म्हणून वेगवान बोटीत ही युक्ती छान चालते, पण हळू जाणाऱ्या टगबोटीच्या मॉडेलमध्ये पाणी आत येतच नाही.

यावर एक चांगला उपाय आहे. नळीचं तोंड प्रोपेलरच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर, त्याच्याकडे तोंड करून बसवा. प्रोपेलर मागे जो झोत फेकतो तोच नळीत शिरतो आणि बोट जवळजवळ उभी असली तरी पाणी फिरत राहतं. आम्ही हेच केलं. काही बोटींत सुकाणूतच पाणी घेणारं भोक असतं, तेही चालतं.

बाहेर सोडणारं तोंड बोटीच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा. धार काठावरून दिसली पाहिजे. ही धार म्हणजे तुमच्या बोटीची नाडी आहे.

बाबूघाटावरून हुगळीतली इंजिनवाली बोट कधी बघितलीत, तर तिच्या कुशीतून पडणारी पाण्याची धार शोधा. मोठी जहाजंसुद्धा नदीचं किंवा समुद्राचंच पाणी घेऊन थंड होतात. मात्र त्यांच्यात बहुधा दोन फेरे असतात. इंजिनातून स्वच्छ पाणी फिरतं आणि बाहेरचं पाणी त्या स्वच्छ पाण्याला गार करून परत जातं, म्हणजे गाळ आणि मीठ इंजिनात शिरत नाही. आत येणाऱ्या पाण्याला जाळीही असते. याच नदीकाठी गार्डन रीचच्या कारखान्यात १९६१ साली आयएनएस अजय ही गस्ती युद्धनौका तयार झाली. तिथून आजही नौदलाची जहाजं बाहेर पडतात. आपल्या छोट्या बोटीला एक फेरा पुरतो, पण गाळ तिलाही छळतो, हे लक्षात ठेवा.

जोडणी, पायरी पायरीने

पहिली पायरी: स्पीड कंट्रोलर बोटीचाच घ्या. त्याच्या पाठीवर पाणी फिरायला दोन तोंडं असतात. गाडीचा कंट्रोलर वापरू नका.

दुसरी: भोक पाडा. पाणी घेणाऱ्या नळीच्या मापाचंच भोक ड्रिलने पाडा. आजूबाजूचा भाग पॉलिश पेपरने खरवडा, नळी बसवा आणि दोन भाग मिसळून करायच्या इपॉक्सीने आतून-बाहेरून पक्की करा. एक रात्र वाळू द्या. घाई केलीत तर इथूनच बोट बुडते.

तिसरी: रबरी नळ्या जोडा. मासे पाळणारे वापरतात ती सिलिकॉनची नळी उत्तम. आम्ही ती गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून आणली, जिथे रंगीत मासे आणि पक्षी विकतात. आतून ४ मिलिमीटरची नळी तांब्यावर घट्ट बसते. प्रत्येक जोडावर बारीक केबल टाय आवळा.

चौथी: क्रम ठरवा. पाणी आधी कंट्रोलरमध्ये, मग मोटरमध्ये आणि मग बाहेर. कंट्रोलर नाजूक असतो, त्याला पहिलं गार पाणी मिळू द्या.

पाचवी: वळणं मोठी ठेवा. नळी कुठे दुमडली की पाणी थांबलंच. झाकण लावल्यावर नळी दाबली जात नाही ना, तेही बघा.

सहावी: सिरिंजची परीक्षा. बॅटरी न जोडता ५० मिलिलिटरची इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरा आणि पाणी घेणाऱ्या तोंडातून हळूहळू ढकला. दुसरीकडून धार सलग यायला हवी. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. कुठे ओला डाग दिसला तर तो जोड पुन्हा करा. आमचा एक जोड पहिल्यांदा गळलाच.

सातवी: बुडू नये म्हणून सोय. पुढच्या पोकळीत थर्मोकोलचे तुकडे भरा. नळी सुटून पाणी आत आलं तरी बोट तरंगत राहील. रिसीव्हर फुग्यात घालून त्याचं तोंड बांधा, म्हणजे शिंतोड्यांनी बिघडणार नाही.

सगळं पाणी किती लागतं असं वाटतं? मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाणी फिरलं तरी आमच्या ३७ वॅटमध्ये ते फक्त पाचेक अंशांनी तापतं. त्यामुळे फार मोठ्या नळ्यांची गरज नाही. पाणी थोडं असलं तरी चालेल, पण ते वाहतं हवं.

पुन्हा पुकुराच्या काठी

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. टपरीवाले दादा, गळवाले आजोबा, सगळे हजर. या वेळी नियम ठरला होता: फक्त दोन मिनिटं, तेही काठाजवळ.

बोट निघाली आणि तिच्या उजव्या कुशीतून पाण्याची बारीक, चमकदार धार उडाली. मामेभाऊ ओरडला, "ताई, धार!" दोन मिनिटांनी बोट काठाला आणून झाकण उघडलं. मोटर कोमट होती. बोट ठेवून निवांत दहापर्यंत मोजता आलं. हाताला चटका बसून बोट लगेच उचलावं लागलं, तर साधारण ६० अंशांच्या पुढे तापमान गेलंय असं समजा आणि पुढची फेरी करू नका. कॅमेऱ्यासारखं धरायचं तापमापक असेल तर उत्तमच. बोटींच्या मोटरमधली साधी चुंबकं ८० अंशांच्या पुढे कमजोर व्हायला लागतात आणि गार झाल्यावरही त्यांची ताकद पूर्ण परत येत नाही.

मग चार मिनिटं, मग सहा. सहाव्या मिनिटाला धार अचानक बारीक झाली. मामेभावाने लगेच वेग सोडला आणि बोट परत आणली. पाण्याच्या तोंडात हिरवं शेवाळ अडकलं होतं. सिरिंजने उलटं पाणी मारलं, शेवाळ बाहेर पडलं. महिन्यापूर्वी हाच मुलगा धार असती तरी तिच्याकडे न बघता बोट पळवत राहिला असता.

खेळ संपल्यावर नळीत फुंकून पाणी काढून टाका. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर आधी नळाचं पाणी फिरवा, कारण मीठ धातू खातं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र असतील तर आणखी लवकर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

बोट गरम होऊ नये म्हणून आपण एवढं केलं. पण कधीतरी ती मध्यावर बंद पडणारच. शेवाळ अडकेल, बॅटरी संपेल, नळी सुटेल. त्या क्षणी काय करायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं असू दे.

बोटीमागे पाण्यात उतरायचं नाही. कधीच नाही. तळ्याचा तळ दिसत नाही, गाळात पाय रुततो आणि जलपर्णीत हातपाय अडकतात. पोहता येणाऱ्यांसाठीही पाणी निर्धोक नसतं. कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात २१ मे २०२२ रोजी अचानक आलेल्या कालबैशाखीच्या वादळात रोइंगचा सराव करणारे दोन शाळकरी विद्यार्थी बुडून गेले. त्या संध्याकाळची आठवण इथल्या पालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. आकाश भरून आलं की बोट बाहेर आणि आपण घरी.

आमच्या पिशवीत आता एक टेनिसचा चेंडू आणि लांब दोर असतो. चेंडूला दोर बांधायचा, बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. दोर बोटीला अडकतो आणि बोट काठाकडे येते. गळवाल्या आजोबांना हे काम इतकं आवडलं आहे, की आता तेच पुढे होतात. आणि दोर पुरला नाही तर वाऱ्याची वाट बघायची. वारा कधी ना कधी येतोच.

बॅटरीचंही तसंच. खेळून आल्यावर ती गार होऊ द्या, मग चार्ज करा. फरशीवर ठेवा, गादीवर नको. चार्जिंगला लावून झोपायचं नाही किंवा बाहेर जायचं नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. तळं कुणाचं आहे ते विचारून परवानगी घ्या, आणि मासे किंवा बदकांच्या मागे बोट लावू नका.

ज्यांना यात आणखी रस असेल त्यांच्यासाठी दोन दारं उघडी आहेत. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल बनवायला शिकवतात आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. शाळेत किंवा कॉलेजात चौकशी करा. आणि कोलकात्याला आलात तर गुरुसदय रोडवरचं बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १९५९ सालापासून तिथे मुलं यंत्रं बघायला येत आहेत.

परवा मामेभावाने रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, तू चालव. मी धारेकडे बघतो." मामा टपरीवर चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी माझ्यासाठी अजून एक चहा सांगितला.

तुमच्या घरी अशी कुठली वस्तू आहे, जी सारखी तापते आणि तुम्ही नुसतं पाणी मारत बसला आहात? या रविवारी घरातल्या मुलांना सोबत घेऊन ती उघडा आणि ती कशाने तापते ते शोधा. भेटू पुढच्या सदरात!